भुईचाफ्याची जोपासना : प्रस्तावना

भुईचाफा ही आले-हळदीच्या कुळातील बहुवर्षायू कंदवनस्पती आहे. म्हणजे तिचा जमिनीवरचा भाग दरवर्षी सुकून नाहीसा होत असला तरी जमिनीखालचा कंद वर्षानुवर्षे जिवंत राहतो आणि हंगाम आला की नवे कोंब देतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात, झाडाचे एकही पान दिसत नसताना, पांढऱ्या आणि जांभळट पाकळ्यांची तिची सुवासिक फुले थेट मातीतून वर येतात, आणि फुलांचा बहर ओसरल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर, पाने उगवू लागतात. फूल आणि पान यांची अशी ताटातूट असल्यामुळे या वनस्पतीची जोपासना इतर फुलझाडांच्या जोपासनेहून मुळातच निराळी ठरते. बहुतेक बागप्रेमी झाडाला कळ्या दिसू लागल्या की खतपाण्याकडे लक्ष देतात. भुईचाफ्याच्या बाबतीत मात्र कळी दिसते तेव्हा तिच्यासाठी करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते, कारण या वर्षीच्या चैत्रात किती फुले येणार हे मागील श्रावण-भाद्रपदात पानांनी किती अन्न साठवले यावरच बव्हंशी ठरून गेलेले असते. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली तर पुढील प्रकरणांतील लागवड, पाणी, खत आणि कंदांची विभागणी यांविषयीच्या बहुतेक सूचना तिच्यातूनच निघालेल्या आहेत हे वाचकाच्या लक्षात येईल.

प्रथम फुलाची रचना पाहणे आवश्यक आहे, कारण ती दिसते तशी नाही. भुईचाफ्याच्या फुलात डोळ्यांना जे भाग पाकळ्यांसारखे भासतात, त्यांतील सर्वांत देखणे भाग पाकळ्या नसून रूपांतर झालेले पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या तीन, त्या अरुंद, लांबट आणि पांढऱ्या असतात आणि फूल पूर्ण उमलल्यावर त्या मागे राहतात, त्यामुळे सहसा त्यांच्याकडे लक्ष जात नाही. त्यांच्या पुढे दोन रुंद पांढरे भाग उभे असतात. हे वंध्य पुंकेसर होत, म्हणजे ज्यांच्यात पराग तयार होत नाहीत आणि ज्यांनी पाकळीचे रूप घेतले आहे असे पुंकेसर. त्यांच्या खालच्या बाजूस जांभळ्या रंगाचा, मधोमध खोलवर चिरलेला जो भाग असतो त्यास वनस्पतिशास्त्रात ओष्ठ म्हणतात. तोदेखील दोन वंध्य पुंकेसर एकत्र जुळून बनलेला असतो. परागधारी पुंकेसर संपूर्ण फुलात एकच असतो आणि स्त्रीकेसराचा दोऱ्यासारखा नाजूक दांडा त्याच्या परागकोशाच्या दोन कप्प्यांमधील खाचेतून वर जातो, म्हणजे त्या दांड्याला स्वतःच्या बळावर उभे राहण्याची गरजच पडत नाही. ही मांडणी सोनटक्का, हळद, आले अशा या कुळातील सर्व वनस्पतींत कमी-अधिक फरकाने आढळते. भुईचाफ्याचे फूल जमिनीलगत, वर तोंड करून उमलत असल्याने ती येथे विशेष सोयीने पाहता येते, आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे कूळ शिकवताना या फुलाचा जितका उपयोग व्हावा तितका होत नाही ही खेदाची बाब आहे.

याहूनही विलक्षण गोष्ट अशी की ज्यास पाहणारा फुलाचा देठ समजतो तो देठ नसतोच. भुईचाफ्याचा पुष्पगुच्छ अत्यंत आखूड असून तो कंदाला लागून जवळजवळ मातीतच राहतो. फुलाचा बीजांडकोश, म्हणजे ज्या भागाचे पुढे फळ व्हावयाचे तो भाग, जमिनीच्या पातळीवर किंवा तिच्या किंचित खाली असतो, आणि तेथून वर येणारी पांढरी नाजूक नळी ही पाकळ्यांचे बूड जुळून झालेली पुष्पनलिका असते. म्हणून हे फूल खुडताना देठासह हाती येत नाही. नळी मोडते आणि थोड्याच वेळात ते मलूल होते. गजरा किंवा वेणी यांत ते टिकत नाही, फुलदाणीत उभे राहत नाही, बाजारात नेण्याजोगे तर नाहीच. एक फूल जेमतेम एक-दोन दिवस राहते, परंतु एका गुच्छात अनेक कळ्या असून त्या एकदम न उमलता एकामागून एक उमलत असल्याने, जुन्या व भरलेल्या बेटातून दोन-तीन आठवडे फुले मिळत राहतात. सुवास गोड, सौम्य आणि जमिनीलगत रेंगाळणारा असतो. चालता चालता तो जाणवेलच असे नाही, त्यासाठी खाली वाकावे लागते. यास्तव भुईचाफ्यासाठी जागा निवडताना जेथे माणसे बसतात तेथील कडा, ओटीच्या पायरीची बाजू किंवा तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यालगतची उंच केलेली माती यांचा विचार आधी करावा, असे या पुस्तकाचे आग्रहाचे मत आहे.

जमिनीखालची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. तेथे एक आखूड, गाठाळ मूलस्कंध असतो. मूलस्कंध म्हणजे जमिनीखाली वाढणारे खोड, ज्याच्यावर डोळे असतात आणि त्या डोळ्यांतून नवे कोंब फुटतात. या मूलस्कंधापासून दोरीसारखी मुळे निघतात आणि त्यांच्या टोकांशी लांबट-गोल फुगीर गाठी तयार होतात. या गाठी म्हणजे पिष्ट आणि पाणी यांचा साठा होय. त्या गाठींवर डोळे नसतात, आणि म्हणून केवळ गाठ लावली तर ती कितीही टपोरी असली तरी तिच्यातून रोप उगवत नाही. लावावयाच्या तुकड्याला मूलस्कंधाचा डोळा असलेला भाग असणे अनिवार्य आहे, आणि त्यास जितक्या गाठी जोडलेल्या राहतील तितके नवे झाड जोमदार होते. भुईचाफा लावला पण उगवला नाही अशी तक्रार वारंवार ऐकू येते, तिच्यामागे अनेकदा हेच कारण असते.

मृगाच्या आसपास, मातीत पुरेसा ओलावा आला की पाने वर येतात. ती लांबट व रुंद, बहुधा २५ ते ४० सेंटीमीटर लांब असतात; वरच्या बाजूस गर्द आणि फिक्या हिरव्या रंगांची पिसाऱ्यासारखी नक्षी असते, तर खालची बाजू जांभळट असते, आणि केवळ या पानांसाठीही ही वनस्पती शोभेची म्हणून लावता येईल इतकी ती देखणी आहेत. आश्विनानंतर पाऊस ओसरतो, हवेतील दमटपणा कमी होतो आणि दिवस लहान होऊ लागतात. मुंबईच्या अक्षांशावर जूनमध्ये तेरा तासांहून थोडा मोठा असलेला दिवस डिसेंबरात सुमारे अकरा तासांवर येतो. या बदलांबरोबर पाने पिवळी पडून सुकतात आणि वनस्पती सुप्तावस्थेत जाते, म्हणजे तिची दृश्य वाढ थांबते, परंतु कंद जिवंत राहून पुढील हंगामाची वाट पाहतो. कोकणातील घरे पावसाळ्यासाठी उन्हाळ्यातच आगोटीची बेगमी करून ठेवतात. भुईचाफ्याची बेगमी नेमकी उलट, ती भर पावसात भरली जाते आणि कोरड्या उन्हाळ्यात खर्ची पडते. पावसाळ्यात पाने किडीने खाल्ली गेली, सावलीत खुरटली, किंवा हिरवी असतानाच नीटनेटकेपणाच्या हौसेने कापली गेली, तर त्या वर्षी झाडाचे काही बिघडल्याचे दिसत नाही. पुढच्या चैत्रात मात्र माती रिकामी राहते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

या वनस्पतीची शास्त्रीय नोंद जुनी आहे. कोचीन येथील डच सत्तेचा गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला आणि जो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापला गेला, त्या 'हॉर्टस मलबारिकस'च्या अकराव्या खंडात ती 'मलन-कुआ' या मल्याळी नावाने येते. या ग्रंथाशी कोकणी भाषकांचा घनिष्ठ संबंध आहे, कारण रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीनमधील तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांनी त्याच्या सिद्धतेस साहाय्य केले होते, आणि त्यांनी १६७५ मध्ये नागरी लिपीत लिहून दिलेले कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. ग्रंथातील माहितीचा मोठा भाग इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याकडून आला होता, हेही त्यासोबत सांगणे न्याय्य ठरते. पुढे १७५३ मध्ये कार्ल लिनियसने आपल्या 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथात या वनस्पतीस 'केंफेरिया रोटुंडा' असे द्विनाम दिले; द्विनाम म्हणजे प्रजाती आणि जाती यांचे मिळून होणारे दुहेरी शास्त्रीय नाव. प्रजातीचे नाव एंगेलबर्ट केंफर (१६५१–१७१६) या जर्मन वैद्य-प्रवाशाच्या स्मरणार्थ आहे. त्याने डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत नागासाकीजवळच्या देशिमा बेटावर राहून जपानच्या वनस्पतींचा अभ्यास केला होता. कलकत्त्याचे न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनीही निवडक भारतीय वनस्पतींवरील आपल्या टिपणांत 'भूचंपक' या नावाने तिचे वर्णन केले आणि ते टिपण त्यांच्या निधनानंतर, १७९५ मध्ये, 'एशियाटिक रिसर्चेस'च्या चौथ्या खंडात प्रसिद्ध झाले.

भारतीय उपखंड, दक्षिण चीन आणि आग्नेय आशिया या विस्तीर्ण पट्ट्यात भुईचाफा आढळतो, परंतु माणसाने त्याची इतक्या दीर्घ काळापासून लागवड केली आहे की रानातला मूळचा भुईचाफा कोणता आणि जुन्या वस्तीच्या परसातून मागे राहिलेला कोणता, हे वेगळे काढणे अभ्यासकांना अवघड जाते. याचे एक कारण त्याच्या प्रजननात आहे. भारतातील काही अभ्यासांत या वनस्पतीच्या पेशींत ३३ गुणसूत्रे आढळली आहेत. या प्रजातीतील मूळ गुणसूत्रसंच अकराचा धरला तर अशी झाडे त्रिगुणित ठरतात, म्हणजे त्यांच्यात दोनऐवजी तीन संच असतात. तीन संचांची समान विभागणी होत नसल्याने अशा वनस्पतींत बी क्वचितच धरते. लागवडीतल्या भुईचाफ्याचा प्रसार म्हणूनच कंदांच्या विभागणीने होतो. एका बेटातून काढलेले सर्व तुकडे अनुवंशदृष्ट्या एकच झाड असतात, आणि सासुरवाशिणीने माहेरच्या परसातून आणलेला किंवा शेजारणीने ओंजळभर मातीसह दिलेला कंद हाच या फुलाच्या प्रवासाचा खरा मार्ग राहिलेला आहे. याचा दुसरा अर्थ असा की घराचे परसू बुजले आणि तेथील बेट नष्ट झाले तर त्या ठिकाणी ते बियांपासून पुन्हा आपोआप उगवण्याची आशा जवळजवळ नसते. कोकणात आणि गोव्यात अंगणे फरशीने आणि सिमेंटच्या ठोकळ्यांनी मढवली जात आहेत, त्या कामाआधी घराभोवतीचे कंद काढून घेण्याचा साधा विवेक पाळला गेला पाहिजे.

लागवडीस सुपीक, भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणारी माती लागते. कोकणातील जांभ्याच्या मातीत निचरा चांगला असतो, पण सेंद्रिय द्रव्य कमी असते, म्हणून तिच्यात चांगले कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत सढळ हाताने मिसळावे. देशावरील काळ्या चिकण मातीत मात्र खत घालून भागत नाही, तेथे वाळू मिसळून आणि वाफा उंच करूनच लावणे श्रेयस्कर ठरते. कंद सुमारे पाच सेंटीमीटर खोल, डोळा वरच्या बाजूस ठेवून लावावा. विभागणीसाठी योग्य काळ सुप्तावस्थेचा, साधारण पौष-माघाचा. फुले येऊन गेल्यानंतर आणि पाने वर येण्यापूर्वीही हे काम करता येते, परंतु त्या वेळी नवे कोंब मोडण्याचा धोका असतो. दरवर्षी विभागणी करू नये. बेट तीन-चार वर्षे एका जागी भरू दिले तर फुलांची संख्या वाढते, आणि कंद एकमेकांना दाटू लागले की मगच ते हलवावे. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली ही स्थिती सर्वांत अनुकूल होय, कारण कडक उन्हात पानांच्या कडा करपतात आणि गर्द सावलीत पाने लांबट, दुबळी होऊन गाठी भरत नाहीत.

पाण्याच्या बाबतीत अति काळजी ही उपेक्षेहून अधिक घातक ठरते. पाने असेपर्यंत मातीत ओल हवी आणि पावसाने ओढ दिली तर पाणी द्यावे. पाने पिवळी पडू लागताच पाणी कमी करत न्यावे आणि ती सुकल्यावर पूर्ण बंद करावे. सुप्तावस्थेतील कंदाभोवती ओल साचली तर बुरशीमुळे कंदकूज होते, म्हणजे कंद मऊ पडून सडतो, आणि हे नुकसान वरून मुळीच दिसत नाही. बारमाही शिंपण असलेल्या पोफळीच्या बागेत म्हणून भुईचाफ्याला कोरडी विश्रांती मिळणे कठीण असते. तेथे तो लावायचाच असेल तर पाटापासून दूर, बांधाच्या उंच कडेला लावावा. उन्हाळ्यात मातीतून कळीचे टोक दिसले की हलकेसे पाणी शिंपडण्यास हरकत नाही, वळवाच्या सरीही हेच काम करतात.

सुप्तावस्थेतील कंदाला खरा धोका माणसाच्या विस्मरणापासून असतो. दिवाळीनंतर अंगण चोपून सारवण्याची रीत, झाडलेल्या पाल्याचा ढीग करून तो जाळण्याची सवय आणि रिकामी दिसणारी जागा नव्या रोपासाठी खणण्याचा मोह, ही तिन्ही कामे नेमकी भुईचाफा अदृश्य असतानाच होतात. यासाठी बेटाभोवती चिऱ्यांची किंवा दगडांची कायमची कड करावी, आत कोरड्या पाल्याचे पातळ आच्छादन ठेवावे आणि तेथे आग कधीही लावू नये. पावसाळ्यात गोगलगायी कोवळी पाने कुरतडतात. त्या संध्याकाळी हाताने वेचून काढणे हा लहान बागेतील सर्वांत खात्रीचा उपाय होय. आले-हळदीवर पडणारा खोडकिडा या कुळातील इतर वनस्पतींकडेही वळू शकतो, म्हणून हळदीच्या वाफ्यालगत भुईचाफा लावणे टाळलेले बरे.

ओळखीतील घोटाळ्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. भुईचाफ्याचा जवळचा नातलग चंद्रमूळ, म्हणजे केंफेरिया गलंगा, याची पाने जमिनीला टेकून पसरतात आणि त्याची लहान, पांढरी, जांभळ्या ठिपक्यांची फुले पावसाळ्यात पानांच्या मधूनच येतात. रानहळदीचे पिवळे फूल छदांच्या, म्हणजे फुलाला झाकणाऱ्या रंगीत पानांच्या, तुऱ्यात बसलेले असते. फूल असताना या तिघांत गोंधळ होण्याचे कारण नाही. केवळ कंद किंवा कोवळा कोंब पाहून खरेदी करणाऱ्याची मात्र सहज फसगत होते. सोनचाफा, देवचाफा, नागचाफा ही निरनिराळ्या कुळांतील झाडे आहेत आणि भुईचाफ्याशी त्यांचा वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही. भुईचाफ्याचा कंदही सुवासिक असतो. जावा बेटावरील नमुन्यांच्या विश्लेषणात त्याच्या तेलात बेंझिल बेंझोएट हा घटक प्रामुख्याने आढळला आहे. पारंपरिक वैद्यकात सूज व जखम यांवर कंदाचा लेप सांगितला जातो. या पुस्तकाचा विषय जोपासना हा असल्याने औषधी उपयोगांची चर्चा येथे केलेली नाही, आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून तसा उपयोग कोणी करू नये.

शहरातील वाचकांसाठी समाधानाची गोष्ट अशी की भुईचाफा कुंडीत उत्तम वाढतो, किंबहुना जेथे वर्षाचा पाऊस कोकणासारखा २,५०० मिलिमीटरच्या वर जात नाही किंवा जेथे जमीनच नाही, तेथे कुंडी अधिक सोयीची ठरते. पसरट, किमान पंचवीस सेंटीमीटर रुंदीची आणि तळाला पुरेशी छिद्रे असलेली मातीची कुंडी घ्यावी. पाने सुकल्यावर ती पाणी न देता सावलीत ठेवावी आणि फाल्गुनात पुन्हा उजेडात आणावी, म्हणजे विश्रांती व जागृती ही दोन्ही माळ्याच्या हातात राहतात. थंड प्रदेशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हाच मार्ग उपलब्ध आहे, कारण सुप्त कंद कोरड्या कुंडीत घराच्या उबेत हिवाळा काढू शकतो. कंद परदेशी नेताना मात्र त्या त्या देशाचे वनस्पती-विलगीकरणाचे नियम पाळणे बंधनकारक असते.

रोपवाटिकांत भुईचाफा क्वचितच दिसतो, आणि त्याचे कारण त्याच्या जीवनक्रमात आहे. फूल असते तेव्हा कुंडीत पान नसते, पान असते तेव्हा फूल नसते, आणि उरलेले महिने कुंडी केवळ मातीची दिसते; गिऱ्हाईक त्यास मेलेले झाड समजते. आषाढ-श्रावणात, पाने पूर्ण वाढलेली असताना, फुलाच्या छायाचित्रासह आणि वर्षभराच्या वेळापत्रकाची चिठ्ठी लावून ही रोपे विकली गेली, तर घेणारा पहिल्या मार्गशीर्षात कुंडी फेकून देणार नाही. रोपवाटिकांना हे काम जड नाही. तोवर ज्यांच्या परसात जुने बेट आहे त्यांनी पौषात ते उकरून, डोळा आणि किमान दोन-तीन गाठी असलेले तुकडे करून, त्यांवर लावण्याचा महिना लिहून ते वाटावेत. त्या कामाची सविस्तर रीत पहिल्याच प्रकरणात दिली आहे.